मोटार सुधारली, मागची बैठक सुधारली काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आरोग्य, मुलांचे संगोपन, गृहोद्योग अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. यंदा मोटार हा विषय ठरला, तेव्हा काहीजणींच्या मनात आले असेल की, हा पुरुषांच्या बैठकीतला विषय आपल्या मंडळात कशाला? पण मोटार ही आता घरातलीच वस्तू झाली आहे. आपल्यापैकी कित्येकजणी ती स्वतः चालवितात आणि ज्या चालवीत नाहीत त्याही लेकरांना घेऊन तिच्यात बसतातच. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मला आज सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोटारीने चालविणाऱ्याचे पुष्कळसे काम आपल्या अंगावर घेतले. त्यासोबत जिवाच्या रक्षणाची साधनेही आली. पण ती आधी चालविणाऱ्याला मिळाली, मग त्याच्या शेजारी बसणाऱ्याला, आणि सर्वांत शेवटी मागे बसणाऱ्याला. आपल्या घरांतून मागे कोण बसते, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगते. जर्मनीत कार्ल बेन्झ याने मोटार तयार केली, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्याची पत्नी बर्था हिने नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर मोटार नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. इंधन सरले तेव्हा एका गावच्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे बसवून घेतले. मोटारीने लांबचा प्रवास करता येतो हे जगाला दाखविले ते एका गृहिणीने! पुढे १९०३ साली पावसात काच पुसणाऱ्या वायपरचे पेटंट मेरी अँडरसन या अमेरिकन बाईने घेतले. १९०९ साली इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट हिने मोटार चालविणाऱ्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले, आणि मागचे दिसावे म्हणून हातात धरावयाचा लहान आरसा जवळ ठेवा, असा सल्ला त्यात दिला. तेव्हा मोटार हा केवळ पुरुषांचा प्रांत कधीच नव्हता. आपल्याला मात्र तसे पुष्कळ दिवस सांगण्यात आले.

तसे सांगण्यास एक कारणही होते. जुनी मोटार चालविणे हे खरोखरीच अंगमेहनतीचे काम होते. इंजिन सुरू करावयाचे ते समोर उभे राहून हँडल मारून. हँडल उलट फिरले तर मनगट मोडावयाचे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि तेव्हापासून हे काम हळूहळू सुटले. तरी आपल्याकडे ॲम्बेसडरच्या डिकीत हँडल असेच. थंडीच्या दिवसांत बॅटरी बसली की ते बाहेर निघे आणि गल्लीतील दोनचार मुले मदतीला धावत.

माझ्या पिढीने मोटार पाहिली ती मुख्यतः दोन प्रकारची. एक ॲम्बेसडर, जी १९५७ पासून बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होत असे. दुसरी फियाट, जी मुंबईस कुर्ल्याला बने आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ. या गाड्यांचा गिअर सुकाणूच्या दांड्याला असे. पुढे सलग बाक असल्याने तिघे सहज मावत. ॲम्बेसडरचे वजन अकराशे किलोच्या वर आणि सुकाणू वळविण्यास कसलीही मदत नाही. अमरावतीच्या बाजारातील एखाद्या बोळात ती वळवावयाची म्हणजे दोन्ही दंड भरून येत. वळण्यापूर्वी काचेतून हात बाहेर काढून खूण करावी लागे. सकाळी चोक ओढावा लागे. तो जास्त ओढला गेला तर पेट्रोलचा वास सुटे आणि इंजिन मुकाट बसे.

मी १९७४ साली फियाटवर मोटार शिकले ती काकांकडून. पहिला आठवडा त्यांनी मला सुकाणूला हात लावू दिला नाही. पाणी पाहणे, तेलाची काडी पुसून पाहणे, प्लग काढून घासणे, फॅनबेल्टचा ताण अंगठ्याने अजमावणे आणि स्टेपनी चढविणे, एवढे आले तेव्हा कुठे किल्ली हाती मिळाली. काकांचे खरेच होते. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बोरगाव मंजूच्या आसपास भर दुपारी रेडिएटर उकळला तर दुसरे कोण येणार? पाण्याचा डबा आणि ओले फडके घेतल्यावाचून कोणी शहाणा माणूस अमरावतीहून अकोल्यास निघत नसे. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चढताना तर अर्ध्या वाटेवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच दिसे.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आत. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे ॲम्बेसडरच्या जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. गिअर खाली, हाताशी. सुकाणू एका हाताने फिरे. किल्ली फिरविली की गाडी सुरू! माझ्या मते आपल्या भागातील मध्यमवर्गीय बाईच्या हाती मोटार आली ती या लहानशा गाडीमुळे. मुलांना शाळेत सोडणारी, सासूबाईंना दवाखान्यात नेणारी बाई तेव्हापासून रस्त्यावर दिसू लागली.

त्यानंतरचे बदल तुमच्या डोळ्यांसमोरचे आहेत. कार्ब्युरेटर जाऊन इंजिनात नेमके इंधन सोडणारी यंत्रणा आली आणि चोक हा शब्दच मुलांना ठाऊक राहिला नाही. सुकाणू हलके झाले. गिअर आपोआप पडणाऱ्या गाड्या २०१४ नंतर स्वस्तातही मिळू लागल्या. क्लचवर गुडघा दुखतो म्हणून साठीनंतर मोटार सोडलेल्या बायकांना त्यांचा मोठाच आधार झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, म्हणून हा बदल आपणां मातांच्या दृष्टीने फार मोलाचा. मारुती ८०० आणि ॲम्बेसडर या दोघींचेही उत्पादन २०१४ साली थांबले. आता तर पेट्रोलही न लागणाऱ्या, घरी विजेवर भरावयाच्या गाड्या आपल्या गल्लीत उभ्या असतात.

येथे माझ्या वयाच्या चालकांना थोडे सांगणे आहे. आपल्याला ज्या सवयी जिवापाड जपावयास शिकविले, त्यांपैकी काही आता सोडाव्या लागतील. जुन्या गाडीत निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून सोडावा, पुन्हा दाबावा, असे शिकवीत, कारण चाके अडकली की गाडी घसरे. २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस ही यंत्रणा सक्तीची झाली. ती हे दाबणे-सोडणे आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने करते. तेव्हा संकटाच्या वेळी ब्रेक जोराने दाबावा, दाबूनच धरावा आणि सुकाणू वळवीत राहावे. पायाखाली पेडल थरथरले तर भिऊ नये. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण होय.

दुसरी सवय घाट उतरतानाची. पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद करून किंवा गिअर काढून गाडी सोडून देण्याची पुष्कळांना हौस असे. नव्या गाडीत इंजिन बंद झाले की सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही लवकरच सरते. शिवाय गिअर टाकलेला असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंधन आपोआप बंद होते. म्हणजे चिखलदऱ्याहून खाली येताना गिअरमध्ये उतरणे हेच सुरक्षित, आणि काटकसरीचेही.

तिसरी सवय बसण्याची. आपण बायका उंचीने लहान म्हणून सुकाणूला चिकटून बसतो. सुकाणूतून फुगून बाहेर येणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उघडते. छातीत आणि सुकाणूत वीतभराहून अधिक, निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर हवे. दिसत नसेल तर बैठक उंच करावी, पण पुढे सरकू नये.

नवे ते सगळेच चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी प्रत्येक कामाचे बटण वेगळे असे आणि बोटांनी चाचपून ते सापडे. आता पुष्कळ गाड्यांत समोर काचेची पाटी असते. पंख्याचा वेग कमी करावयाचा तरी रस्त्यावरची नजर काढावी लागते. युरोपातील मोटारींची परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून हॉर्न, वायपर, वळण्याचे दिवे यांसाठी साधी बटणे किंवा दांडे नसतील तर गुण कापण्याचे ठरविले. आणखी एक. पूर्वी मूर्तिजापूरचा मिस्त्री एका पान्यावर गाडी वाटेला लावी. आता संगणक जोडल्याशिवाय दुखणेच कळत नाही. ज्ञान आपल्या हातून गेले, हे खरेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

जुने लोक म्हणतात, "ॲम्बेसडर म्हणजे लोखंडाची, धडकली तरी चेपत नसे, आजच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे." हा समज धोक्याचा आहे. आपण लोणच्याची बरणी परगावी पाठवितो तेव्हा ती लोखंडी पेटीत नुसती ठेवीत नाही. भोवती गवत भरतो. गवत दबते म्हणून बरणी वाचते. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम दबेल असा आणि माणसांची जागा मजबूत राहील अशी रचना जर्मनीत १९५९ पासून येऊ लागली. जुनी कडक गाडी स्वतः वाचे आणि धक्का आतल्या माणसाला देई. त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा काढला. तो इतर कंपन्यांनाही खुला ठेवला गेला. मोटारीतील माणसाचे प्राण वाचविणाऱ्या साधनांत या पट्ट्याइतके मोठे दुसरे साधन झालेले नाही.

आपल्या देशात काय झाले? पुढच्या बैठकांना पट्टा असलाच पाहिजे, हा नियम १९९४ साली आला. मागच्या बैठकांसाठी तो २००२ साली आला. मधली आठ वर्षे मागच्या बाकाला काहीच नव्हते. चालकाची एअरबॅग २०१९ साली सक्तीची झाली. शेजारच्याची २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली. सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव मात्र २०२३ साली मागे पडला. आधी पुढचा, मग त्याच्या बाजूचा, शेवटी मागची, हा क्रम पंगतीसारखाच नाही काय?

मोटारी धडकवून परीक्षा घेतात तेव्हा आत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवितात. ते पुष्कळ वर्षे मुख्यतः पुरुषी बांध्याचेच होते. स्त्रीसाठी म्हणून वापरला जाई तो बहुधा त्याच पुरुषाचा लहान आकार. सर्वसाधारण स्त्रीच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमधील संशोधक ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ साली पुढे आणला. बर्था बेन्झनंतर एकशे चौतीस वर्षांनी!

पण भगिनींनो, कंपन्यांना आणि सरकारला बोल लावून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. आज मागे पट्टा आहे आणि बांधण्याचा नियमही आहे. तरी तो आपल्या घरांतून बैठकीच्या फटीत गेलेला असतो, नाही तर वर नवे कव्हर घालून झाकलेला असतो. साडीची घडी मोडते, जवळच तर जावयाचे आहे, मागे बसणाऱ्याला काय होते, अशी आपली उत्तरे ठरलेली. मागे काय होते ते आपल्याच राज्यात दिसले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार उत्तम प्रतीची होती. पुढे बसलेली दोन माणसे जबर जखमी होऊन वाचली. मागे बसलेल्या दोघांचेही प्राण गेले. मागील दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

हिशेब साधा आहे. ताशी पन्नास किलोमीटर हा काही फार वेग नव्हे. तरी त्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. मांडीवरचे दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. दोनशे किलो कोणती आई हातांत धरील? माया कितीही असो, हातांना तेवढे बळ नाही. उलट आपलेच अंग बाळावर जाऊन पडते. वेग दुप्पट झाला तर हा आघात दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आणि वेग तर आपल्या दारीच आला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून तयार झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरांचा. आपल्या वऱ्हाडाचे नाव जगभर झाले, याचा मलाही अभिमान वाटतो. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा तो सारा रस्ता पुरा झाला. जेथे आपण खड्डे चुकवीत चाळीसने जात होतो, तेथे आता शंभराने जातो. रस्ता बदलला, गाडी बदलली. मागच्या बाकावरची आपली रीत तेवढी चाळीसच्याच काळातली राहिली.

म्हणून मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवते. पहिली, गाडी सुरू होण्यापूर्वी मागच्या बैठकीचे पट्टे बाहेर काढून ठेवावेत आणि सर्वांनी बांधावेत. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न घेता कमरेच्या हाडावर, आणि गरोदर बाईने पोटाच्या खाली घ्यावा. पदर पट्ट्यावरून मोकळा सोडला की साडीही नीट राहते. दुसरी, लहान मूल मांडीवर न घेता मागे, त्याच्या मापाच्या खुर्चीत बसवावे. बाळंतविड्यात चांदीचा वाळा देतोच, त्याबरोबर आजी-मावश्यांनी मिळून अशी खुर्ची देण्याची चाल पाडली तर काय बिघडेल? चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा नसेल तर चालकास दंड आहे, पण दंडासाठी म्हणून हे करावयाचे नाही. तिसरी, उन्हाळ्यात महामार्गावर निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांतील हवा तपासून घ्यावी. चौथी, ज्यांना मोटार येत नाही त्यांनी शिकावी आणि ज्यांनी सोडली त्यांनी पुन्हा धरावी. आता हँडल मारावयाचे नाही, चोक ओढावयाचा नाही. बळाची सबब उरलेली नाही.

या पौषात मंडळाची सहल शेगावला जावयाची आहे, असे चिटणीसबाई म्हणाल्या. तेव्हा प्रत्येक गाडीत मागच्या बाकावरील एकीने जबाबदारी घ्यावी, आणि "सगळ्यांचे पट्टे लागले काय?" असे विचारून होकार आल्यावरच चालकाला निघावयास सांगावे. चालक घरचा कर्ता पुरुष असला, तरीही! मोटार कितीही शहाणी झाली तरी ती आपल्यासाठी पट्टा बांधीत नाही. तेवढे एक काम आपल्याच हातांचे आहे.